तळ्यावरचा अनोळखी पाहुणा

संक्रांत झाली, रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकवाची धावपळ आहे, शिवारात ऊसतोड चालू आहे. अशात "पाण्यावरची पाखरं" हा काय विषय, म्हणून रेडिओ बंद करू नका. या पाखरांनी आम्हाला एकदा चारचौघांत तोंडघशी पाडलं आणि आमच्या गटात दोन महिने अबोला घातला. ती गोष्ट आज सांगतो, आणि त्यानंतर आम्ही जे शिकलो तेही.

आम्ही चौदा जणी. गाव करवीर तालुक्यातलं. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. धुणं तिथं, म्हसरं पाण्यावर न्यायची ती तिथंच, आणि दिवाळीनंतर पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या गाळावर काही जणी हरभरा नाहीतर कांदा करतात. दोन वर्षांमागे डिसेंबरात धुणं धुताना पलीकडच्या काठाला चार उंच पाखरं उभी दिसली. अंग पांढरं, मागं शेपटीपाशी गुलाबी. आमच्यातली एक ओरडली, "अगं, रोहित! टीव्हीवर दाखवतात ती फ्लेमिंगो!" आम्हालाही तेच वाटलं, कारण तेच वाटायला हवं होतं. कुणीतरी मोबाईलवर फोटो टाकला. रविवारी शेजारच्या गावांतून मोटारसायकली आल्या. जवळून फोटो पाहिजे म्हणून पोरं गाळात उतरली. आमच्या गटातल्या काकींचा हरभरा काठालाच होता, तो पार तुडवला. पाखरं दुपारीच उडून गेली.

आठवड्यानं तालुक्याच्या कॉलेजातले एक सर आले. फोटो बघून म्हणाले, "हे रोहित नव्हेत. हा चित्रबलाक, रंगीत करकोचा. चोच बघा की, पिवळी आहे." खरंच, फोटोत चोच ढळढळीत पिवळी दिसत होती. आम्ही फक्त गुलाबी रंग बघितला होता. काकी एवढंच म्हणाल्या, "खोट्या पाखरापायी माझं रान तुडवलंसा." आणि दोन महिने गटाच्या बैठकीला आल्या नाहीत.

नुकसान तर गटातून वर्गणी काढून थोडं भरून दिलं. पण मनाला लागलं ते लागलंच. मग ठरवलं, आता नीट शिकायचं.

शिकायचं म्हणजे काय, तर नवखा पाहुणा ओळखायचा असेल तर आधी घरची माणसं ओळखता आली पाहिजेत. लग्नघरात शंभर माणसांत परकं कोण हे घरच्या बाईला लगेच कळतं ना? तसं. म्हणून पहिला हिवाळाभर आम्ही नवीन काही शोधलंच नाही. रोजचीच पाखरं बघत बसलो. एकदा कळंबा तलावावर गेलो, एकदा रंकाळ्यावर. आणि त्यात एक गंमत कळली. मराठीत या पाखरांची जी नावं आहेत, ती कुणीतरी नीट डोळे उघडून ठेवली आहेत, आणि बरीचशी आपल्या घरातली, देवाधर्मातली आणि कामातली आहेत. नाव कळलं की खूणही कळते.

आता हळदी-कुंकवाचे दिवस आहेत तर हळदी-कुंकू बदकापासूनच सुरू करू. हे आपल्याकडे बारा महिने राहणारं, कोंबडीएवढं थोराड बदक. अंगावर खवल्यांसारखी तपकिरी नक्षी. चोच काळी, पण टोकाला पिवळा ठिपका आणि चोच कपाळाला मिळते तिथं दोन्हीकडं लाल ठिपका. टोकाला हळद, मुळाशी कुंकू! एकदा बघितलं की विसरता येत नाही.

दुसरा वारकरी. काळाभोर, कोंबडीहून लहान, थव्यानं पोहणारा. चोच पांढरी आणि कपाळावर पांढरा टिळा, गोपीचंदन लावल्यासारखा. कुणी याला चांदवाही म्हणतात. लांबून सगळे याला बदकच समजतात. पण बदकाची चोच चपटी, याची कोंबडीसारखी टोकदार. आणि उडायचं झालं तर तो थेट उडत नाही, पाण्यावर पाय आपटत लांबवर धावतो आणि मग उचलतो. आमच्या आक्का म्हणतात, "वारकरीच त्यो, चालत आल्याबिगार पोचायचा न्हाई." त्याच्याच भावकीतली पाणकोंबडी, तिच्या कपाळाला पांढऱ्याऐवजी लाल टिळा. आणि जांभळी पाणकोंबडी अंगानं मोठी, निळी-जांभळी, चोच नि कपाळ लालभडक. ती पाण्यात पोहण्यापेक्षा पाणवनस्पतींतून चालत फिरते.

एवढुसं गोल, शेपूट नसल्यासारखं, सारखं बुडी मारणारं दिसलं तर ते बदकाचं पिल्लू नव्हे, ती टिबुकली. आम्ही कितीतरी वर्षं तिला पिल्लूच म्हणत होतो.

हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदकं वेगळी. थापट्याची चोच बघा, पुढं रुंद होत गेलेली, थेट उलथण्यासारखी. ती पाण्यावर टेकवून तो गाळत गाळत पुढं सरकतो. तलवार बदकाच्या नराची शेपटी लांब अणकुचीदार, आणि तपकिरी डोक्याच्या मागून पांढरी रेघ मानेवर उतरलेली. भुवई बदकाच्या नराला डोळ्यावर पांढरी ठसठशीत भुवई. चक्रवाक म्हणजे ब्राह्मणी बदक, ते नारिंगी-बदामी रंगाचं, जोडीनं फिरतं.

इथं एक अडचण येते. या खुणा नरांच्या. माद्या बहुतेक मातकट तपकिरी, अंडी उबवताना कुणाला दिसू नये म्हणून. आणि ऑक्टोबरात जेव्हा ही बदकं येतात तेव्हा नरही बरेचदा माद्यांसारखेच मळकट असतात, त्यांची पिसं बदलायची असतात. डिसेंबर-जानेवारीत रंग भरतो. म्हणून दिवाळीत ओळखता आलं नाही तर नाराज होऊ नका, संक्रांतीला परत बघा. मादी ओळखायची ती चोचीवरून, आणि ती कुणाच्या संगतीला आहे त्यावरून. थापट्याची मादी रंगानं कशीही असो, उलथणं तेच.

आता आमची चूक झाली त्या उंच पायाच्या पाखरांकडं येऊ. तलावावर पांढरं उंच काही दिसलं की आपण सरसकट बगळा म्हणतो. पण ते उडताना बघा. बगळा मान दुमडून, डोकं खांद्यात घेऊन उडतो. करकोचे, शराटी, चमचा, रोहित हे सगळे मान पुढं ताणून उडतात. एवढ्या एका गोष्टीवर अर्धी गर्दी वेगळी होते. मग चोच. शराटीची चोच विळ्यासारखी खाली वळलेली. चमच्याची चोच शेवटाला चपटी, आणि ती पाण्यात घालून तो डावी-उजवीकडं घुसळतो, ताक घुसळावं तसं. चित्रबलाकाची चोच जाडजूड पिवळी, टोकाशी किंचित वाकलेली, तोंड केशरी उघडं, छातीवर काळा पट्टा, आणि ते गुलाबी फक्त मागच्या पिसांत. रोहिताची चोच मधूनच मोडल्यासारखी खाली वळलेली, आणि खाताना तो डोकं उलटं करून चोच पाण्यात धरतो. पायसुद्धा गुलाबी, आणि काडीसारखे लांब. रोहित बघायचे असतील तर उजनीच्या पाण्यावर भिगवणला किंवा ठाण्याच्या खाडीत थव्यांनी दिसतात. आपल्या गावच्या तलावावर येणारच नाहीत असं नाही. पण आला असं म्हणण्याआधी चोच बघायची.

पंख पसरून दगडावर वाळत बसलेलं काळं पाखरू दिसतं, त्यातही दोन प्रकार. पाणकावळ्याची चोच टोकाला आकड्यासारखी वळलेली. तिरंदाजाची सरळ, दाभणासारखी, आणि मान इतकी बारीक लांब की पोहताना नुसती मान वर असते, साप वाटतो. आमच्या एका वहिनींनी धुण्याची बादली टाकून पळ काढला होता, तो साप म्हणजे तिरंदाज.

तर आमची पद्धत अशी झाली. अनोळखी पाखरू दिसलं की नाव घ्यायचं नाही. आधी आकार, तोही ओळखीच्या पाखराशी ताडून: साळुंकीएवढं, कावळ्याएवढं, कोंबडीएवढं, घारीएवढं. मग चोच. मग पाय, लांबी आणि रंग. मग ते करतंय काय: बुडी मारतंय, नुसतं डोकं खाली घालून शेपूट वर करतंय, पळतंय-थांबतंय, शेपटी हलवतंय. रंग सगळ्यात शेवटी, कारण रंग उन्हाप्रमाणं फसवतो. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशा काठाला बसावं. समोर ऊन असलं की सगळीच पाखरं काळी दिसतात आणि वारकऱ्यांची संख्या एकदम दुप्पट होते!

दुर्बीण आमच्या चौदा जणींत एक, तीही जुनी. पण खरं सांगू? धुणं धुणाऱ्या बाईला पाखरं भीत नाहीत. कॅमेरेवाला शंभर पावलांवर असतानाच उडणारी तुतवार आमच्या दगडापासून दहा पावलांवर शेपटी हलवत फिरते. तिच्या खांद्यापुढं पांढरा पट्टा वर चढलेला असतो, तो आम्ही दुर्बिणीशिवाय बघितला.

जे दिसलं ते वहीत लिहितो. बचत गटाची जुनी वही उरली होती, तीच घेतली. तारीख, वेळ, पाणी कुठंवर आहे, पाखरू, किती. आणि शेवटचा रकाना "खात्री". तिथं हो, अंदाजे किंवा नाही, यातलं एक लिहायचंच. पैशाच्या हिशेबात आपण अंदाजे रक्कम लिहीत नाही, मग इथं का लिहायची? पहिल्या हिवाळ्यात "नाही" हा शब्द आमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आला आहे. त्याची लाज वाटत नाही. नाव नसलं तरी चोच, पाय, वागणं लिहिलेलं असलं की पुढच्या वर्षी ती ओळ वाचून उलगडा होतो. तीन नोंदी आमच्या अशाच नंतर सुटल्या.

मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' वाचनालयात मिळाला तर जरूर बघा. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबरचा आणि पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींचा १२ नोव्हेंबरचा, म्हणून आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. शाळेतल्या बाईंना सांगून त्या आठवड्यात मुलांना तळ्यावर न्यायला हरकत नाही.

आपल्या जिल्ह्यात तलावाशिवाय आणखी एक जागा आहे, ती म्हणजे आपले बंधारे. नदीवर आडवे बांधलेले, बरगे घालून पाणी अडवायचे बंधारे देशभर कोल्हापूर पद्धतीचे म्हणून ओळखले जातात. पावसाळा सरल्यावर बरगे घातले की वर पाणी साठतं, आणि पुढं उपसा सुरू होऊन पाणी उतरलं की कडेला चिखल उघडा पडतो. त्या चिखलावर चिखल्या, तुतवार, परीट, शेकाट्या यांची जत्रा असते. शेकाट्याचे पाय म्हणजे दोन लांब गुलाबी काटक्या. तो उभा असेल तिथं पाणी वीतभर आहे असं खुशाल समजा. तुतवारला तेही खोल पडतं, ती नुसत्या ओलाव्याच्या कडेनं चालते. पाखराच्या पायावरून पाण्याची खोली सांगता येते, हे आम्हाला पुढं कामाला आलं. ते शेवटी सांगते आमची आक्का.

मधे कोकणाचं थोडं. आमच्यातल्या दोघींची माहेरं घाटाखाली, आणि दर हिवाळ्यात कुणी ना कुणी गणपतीपुळ्याला नाहीतर मालवणला जातंच. तिथं समुद्रकाठी आपलं तळ्यावरचं ज्ञान अर्धं उपयोगी पडतं, अर्धं फसतं. खडकावर काळपट राखी रंगाचा बगळा दिसला. आम्ही म्हटलं हा नवीनच. गळा तेवढा पांढरा. तो समुद्र बगळा, आणि त्याचाच सख्खा भाऊ पूर्ण पांढरा असू शकतो. एकाच जातीत दोन रंग, जशी एकाच घरात एक गोरी एक सावळी. कुरव पक्ष्यांचंही तसंच. जानेवारीत त्यांचं डोकं पांढरं, डोळ्यामागं एक काळसर डाग. परत जायच्या सुमाराला, मार्चच्या आसपास, तेच डोकं गडद तपकिरी होतं. आम्ही वहीत दोन जाती लिहून आलो होतो! ओहोटीला खडकांवर काळा-पांढरा, लांब लालभडक चोचीचा पक्षी दिसला तर तो कालवफोड्या. कोकणातल्या बाया ओहोटीला कालवं काढायला जातात, त्याच वेळेला तोही येतो, त्याच कामाला. समुद्रावर वेळ घड्याळाची नाही, भरती-ओहोटीची. भर भरतीला गेलो तेव्हा काहीच दिसलं नाही, चिखल आणि खडक उघडे पडल्यावरच पाखरं उतरतात.

एक काळजीची गोष्ट, ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांच्यासाठी. तळ्याकाठी मेलेलं पाखरू दिसलं तर ते ओळखायला म्हणून हातात घेऊ नका, पोरांनाही घेऊ देऊ नका. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात बर्ड फ्लूनं कोंबड्या दगावल्या होत्या, ते आठवत असेल. एकापेक्षा जास्त पाखरं मेलेली दिसली तर जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कळवा आणि आपल्या कोंबड्या तळ्याकडं सोडू नका. जाळ्यात अडकलेलं किंवा जखमी पाखरू असेल, किंवा कुणी पाखरं मारत असेल, तर वन विभागाचा १९२६ हा फोन आहे.

आता या जानेवारीची गोष्ट. पहिल्या आठवड्यात, अजून धुकं होतं, काठच्या हरभऱ्यात पाच मोठी पाखरं चरत होती. बदकापेक्षा मोठी, फिक्या राखी रंगाची. आणि बघितली कुणी? काकींनी. त्यांचंच रान. त्या आम्हाला बोलवायला आल्या, पण आवाज न करता. आम्ही बांधाआड बसलो. नाव घेतलं नाही. आकार: घरच्या पाळीव बदकाहून मोठं. चोच पिवळी, पाय नारिंगी. मान मागून काळी, बाजूनं पांढरी रेघ. आणि पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. काय करतंय: गवत आणि हरभऱ्याचे शेंडे खुडतंय. हे सगळं लिहून झाल्यावर मग एकीनं हळूच म्हटलं, पट्टकादंब.

पट्टकादंब म्हणजे रानहंस. मंगोलिया, तिबेटकडच्या तळ्यांवर त्यांची वीण होते आणि हिवाळ्यात ते हिमालय ओलांडून आपल्याकडं येतात. सात हजार मीटरपेक्षा उंचावरून ते उडाल्याची नोंद आहे. आम्ही त्यांचे पाय आणि मान पुन्हा पुन्हा बघितली, कारण अभ्यासासाठी काही पक्ष्यांच्या पायात कडी घालतात, काहींच्या मानेत पट्टी असते. आपल्या देशात मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी हे काम वर्षानुवर्षं करते आहे. कडं दिसलं तर त्याचा रंग, कुठल्या पायात, आणि वाचता आला तर आकडा लिहून घ्यायचा. आमच्या पाचांपैकी कुणाच्याच पायात काही नव्हतं. तेही लिहिलं.

आणि या वेळी फोटो कुठं टाकला नाही. कॉलेजातल्या सरांना वही दाखवली. त्यांनी "खात्री: हो" या रकान्याखाली सही केली. पाखरं अकरा दिवस राहिली. काकींचे थोडे शेंडे गेले. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "शेंडे खुडलं की फुटवा येतोच की. माणसं तुडवून गेली तेव्हा काय फुटलं?" ही नोंद आम्ही सरांमार्फत पाणपक्ष्यांच्या गणनेत दिली आहे. ही गणना आशियातल्या पुष्कळ देशांत १९८७ पासून दर जानेवारीत होते.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी आम्ही आज मुद्दाम बोलतोय. आमच्या तलावातला गाळ काढायचं घाटतंय. गाळ काढायलाच हवा, पाणी वाढेल, विहिरींना पाझर येईल, आणि गाळ रानात टाकायला मिळेल. याला आमचा विरोध नाही. पण जेसीबी लावून काठ सरळ उभा कापायचा, म्हणजे एकदम पुरुषभर खोल, असं बोललं जातंय. तसं झालं तर म्हैस उतरणार कुठून? धुणं धुणारी बाई पाय घसरून गेली तर धरणार कशाला? शेकाट्याला वीतभर पाणी लागतं, तुतवारला तेवढंही नाही. ते उतरतं काठ कुठं राहिला नाही तर ही पाखरं कडेनं चालणार कुठं? आमच्या आक्कांनी वहीवरून नकाशा काढलाय. पाखरं ज्या पूर्वेच्या काठाला जास्त दिसतात, तोच धुण्याचा आणि म्हसरांचा काठ आहे. तेवढा एक काठ उतरता ठेवा, मधला गाळ कितीही काढा, आणि काम फेब्रुवारीनंतर सुरू करा, एवढं आमचं म्हणणं आहे.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ते मांडायचं आहे. वही घेऊन काकी बोलणार आहेत. उपसरपंच म्हणतात, पाखरांसाठी काय काम अडवता. आम्ही सांगितलं, काम अडवत नाही, काठ कसा कापायचा ते सांगतोय. काय होतं ते बघू. तुमच्याही गावात तलाव असेल तर या रविवारी सकाळी सूर्य पाठीशी घेऊन काठाला बसा, आणि पाणी कुठं वीतभर आहे, तिथं कोण उभं आहे, ते लिहून आणा. पुढच्या महिन्यात याच वेळेला वह्या उघडू.